जोडचाकांचा इतिहास



मालानें भरलेल्या लॉरीच्या मागोमाग जाण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर केव्हांना केव्हां येतोच. त्या वेळीं एक गोष्ट सहज नजरेस पडते. पुढच्या बाजूस डावीउजवीकडे एकेकच चाक असतें, पण मागें तीं जोडीनें बसविलेलीं असतात. दोन टायर शेजारीं शेजारीं, परंतु एकमेकांना न शिवतां, एकाच तुंब्यावर फिरत असतात. या जोडीला आपण जोडचाक म्हणूं. लॉरीच्या बाबतींत हें दृश्य इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याच्यामागें कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु अमेरिकेंत पिकअप नांवाची जी हलकी मालमोटार शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत अनेकांच्या दारीं उभी असते, तिला कारखान्यांतून मागें दोनच चाकें आलेलीं असतां तीं काढून चार बसविण्याचा खटाटोप तेथील हौशी व गरजू लोक पुष्कळ वर्षें करीत आले आहेत. या खटाटोपाचा मागोवा घेत गेलें, म्हणजे वाहन, रस्ता आणि कायदा या तिघांच्या दीर्घकाळच्या झगड्याचा एक मोठा बोधप्रद इतिहास हातीं लागतो. तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम भार वाहण्याची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे. त्यासाठीं आपली बैलगाडी पुरेशी आहे. गाडींत भरलेल्या पोत्यांचा भार आधीं साटीवर पडतो. साटीवरून तो आंसावर उतरतो, आंसावरून तुंब्यावर, तुंब्यावरून आऱ्यांवर, आऱ्यांवरून चाकाच्या लांकडी पाट्यांवर व लोखंडी धांवेवर, आणि अखेर धांवेवरून रस्त्यावर. ही एक सांखळी आहे, आणि कोणतीही सांखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते. मोटारींत साटीच्या जागीं चासी आली, तिच्याखालीं पोलादी पाटे आले, धांवेच्या जागीं रबरी टायर आला. परंतु सांखळी तीच राहिली. तिच्यांतील एक कडी बळकट केली कीं भार दुसऱ्या कडीची परीक्षा घेऊं लागतो. जोडचाकांचा सारा इतिहास म्हणजे ही परीक्षा एका कडीवरून दुसरीवर सरकत गेल्याचा इतिहास होय.

सांखळीची अगदीं शेवटची कडी जो रस्ता, त्याची काळजी राज्यकर्त्यांना मोटारीच्या कितीतरी आधीं लागली होती. इंग्लंडांत अठराव्या शतकांत अवजड मालगाड्यांच्या अरुंद चाकांनीं रस्त्यांना खोल चाकोऱ्या पडत. तेव्हां १७५३ सालीं पार्लमेंटानें कायदा करून टोलच्या रस्त्यांवरील अशा गाड्यांना नऊ इंच रुंदीचीं चाकें लावण्याची सक्ती केली. रुंद चाक भार अधिक जागेवर पसरतें आणि रस्ता दाबून काढतें, ही त्यामागची कल्पना होती. चाकाची रुंदी ही केवळ गाडीवाल्याची खासगी बाब नसून तिच्याशीं सार्वजनिक हिताचा संबंध आहे, हें तत्त्व या कायद्यानें मान्य केलें.

पुढें रबर आलें. हवा भरलेल्या टायरची सनद रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच घेतली होती. पण त्या काळीं तिचा प्रसार झाला नाहीं. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधून काढली व ती सायकलीबरोबर जगभर गेली. १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो शर्यतींत फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. ती वाटेंत वारंवार पंक्चर झाली, तरी मोटारीला हवेचा टायर चालतो हें सिद्ध झालें.

येथें एक मर्म ध्यानांत ठेविलें पाहिजे. हवेच्या टायरांत मुख्य भार रबर उचलीत नाहीं, आंत कोंडलेली हवा उचलते. टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो, त्याला हवेच्या दाबानें गुणावें, म्हणजे टायरनें तोललेला भार ढोबळमानानें निघतो. अर्थात् अधिक भार न्यावयाचा तर मार्ग तीनच राहतात : हवा अधिक दाबानें भरावी, टायर मोठा करावा, किंवा एकाच्या जोडीला दुसरा टायर द्यावा. दाब वाढविण्याला कापडाच्या व रबराच्या ताकदीची मर्यादा पडते. टायर फार मोठा केला तर गाडीची बैठक उंच होते आणि ती कलंडूं लागते. राहिला तिसरा मार्ग. मिशेलिन यांनींच १९०८ सालीं अवजड गाड्यांसाठीं दोन टायर शेजारीं शेजारीं बसविण्याची रीत पुढें आणली. हवेच्या टायरांच्या जोडचाकाला खरा मान मिळाला तो तेव्हांपासून.

तरी लॉऱ्यांवर भरीव रबराचें राज्य आणखी बरींच वर्षें टिकलें. हवेचा टायर मालाच्या भारानें फुटेल, असा धंदेवाल्यांचा समज होता. तो दूर करण्यासाठीं अमेरिकेंतील गुडइयर कंपनीनें १९१७ सालीं हवेच्या टायरांवर लॉऱ्या चालवून अॅक्रन ते बोस्टन अशी मालवाहतूक सुरू केली. पहिल्या फेरीला चिखल, मोडके पूल व फुटलेले टायर यांमुळें कित्येक आठवडे लागले. पण नेट धरून केलेल्या या प्रयोगानें पुढें तोच प्रवास थोडक्या दिवसांवर आला. दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, अमेरिकन लष्करानें वॉशिंग्टनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारींचा एक मोठा तांडा नेला. ७ जुलैला निघालेला हा तांडा ३,२५१ मैल तोडून ६ सप्टेंबरला पोंचला. म्हणजे ताशीं सरासरी वेग सहा मैलांच्या आसपास पडला. वाटेंतले कित्येक लांकडी पूल लॉऱ्यांच्या भाराखालीं मोडले व सैनिकांना ते दुरुस्त करीत पुढें जावें लागलें. या तांड्याबरोबर पाहणीसाठीं गेलेला एक तरुण अधिकारी पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तो म्हणजे ड्वाइट आयझेनहौअर. त्याच्या कारकीर्दींत, १९५६ सालीं, तेथील आंतरराज्य महामार्गांचा प्रचंड कायदा झाला, याचें बीज या प्रवासांत होतें असें तो स्वतः सांगे. वाहनाची शक्ति वाढली आणि रस्त्याची वाढली नाहीं, तर काय होतें, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

आतां गाडीचें रूपांतर करण्याच्या मूळ विषयाकडे वळूं. फोर्डची मॉडेल टी ही मोटार स्वस्त व दणकट होती. तेव्हां तिचीच मालमोटार करावी असें अनेकांना वाटलें. फोर्डनें स्वतःची एकटनी चासी, मॉडेल टीटी, १९१७ सालीं बाजारांत आणण्यापूर्वींच या गरजेवर कांहीं कारखाने उभे राहिले होते. त्यांपैकीं शिकागोच्या स्मिथ फॉर्म-अ-ट्रक कंपनीच्या सामानाचा संच फार गाजला. त्यांत भक्कम चासी, जाड आंस, नवीं मागचीं चाकें व सांखळ्या असत. मूळचा मागचा अॅक्सल भार वाहण्याच्या कामांतून मोकळा करून त्याच्याकडे फक्त फिरविण्याचें काम ठेवीत, आणि त्याच्यापासून सांखळीनें मागच्या नव्या, दणकट आंसावरचीं चाकें चालवीत. या पहिल्या पिढीच्या कारागिरांची समज किती चोख होती पाहा. चाक बदलून भागणार नाहीं, आंस आणि चासीही बदलली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. भार ज्या ज्या कड्यांतून जाणार, त्या सर्व कड्या त्यांनीं नव्या दिल्या.

फोर्डनें १९२८ सालच्या सुमारास दीडटनी मॉडेल एए काढली. तिलाही आरंभीं मागें एकेरीच चाकें होतीं. थोड्याच काळांत तिला जोडचाकें मिळूं लागलीं. १९३० ते १९४० या दशकांत दीडटनी लॉरी म्हटली कीं मागें जोडचाकें, हें समीकरण जवळजवळ कायम झालें. याच सुमारास अशा गाड्या आपल्या इकडेही आल्या. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता.

दुसऱ्या महायुद्धानें या समीकरणाचे दोन्ही पक्ष तपासून पाहिले. अमेरिकन लष्कराची प्रसिद्ध अडीचटनी जीएमसी लॉरी मागच्या दोन्ही आंसांवर जोडचाकें घेऊन, म्हणजे एकंदर दहा टायरांवर, चाले. फ्रान्समध्यें १९४४ च्या ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जी अखंड रसदवाहतूक चालली, ती मुख्यतः याच लॉऱ्यांनीं केली. उलट ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठीं कॅनडांत ज्या लॉऱ्या तयार झाल्या, त्यांतील बहुतेकांना चारी ठिकाणीं मोठीं, एकेरी चाकें होतीं. कारण उघड आहे. वाळूंत किंवा चिखलांत पुढच्या चाकानें जी वाट दाबून काढली, तिच्यांतूनच मागचें एकेरी चाक जातें. जोडचाकाच्या बाहेरच्या टायरला मात्र आपली वाट नव्यानें काढावी लागते. शिवाय दोन टायरांच्या फटींत दगड व चिखल अडकतो. तात्पर्य, पक्क्या रस्त्यावर भारी माल न्यावयाचा तर जोडचाक उत्तम. जेथें रस्ताच नाहीं तेथें एकेरी चाक बरें. जोडचाक हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे, हें रणभूमीवरच ठरलें.

युद्धानंतर अमेरिकेंत पिकअपच्या आयुष्याला नवें वळण लागलें. लोक तिच्या पाठीवर झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या सोयीसह एक लहानसें घरच बसवून सहलीला निघूं लागले. फोर्डनें १९६५ सालीं याच उपयोगासाठीं बळकट केलेली पिकअप काढली; शेव्हर्लेनें १९६८ सालीं लांब पाठीची लाँगहॉर्न काढली. परंतु उंच घराचें ओझें वळणावर डोलत असे आणि एकेरी चाकांना तें पेलणें जड जाई. शिवाय घोडे, गुरें व यंत्रें वाहून नेणाऱ्या जोडगाड्यांचें पुढचें टोंक पिकअपच्या पाठीवरच टेकविण्याची पद्धत वाढली, तेव्हां मागच्या आंसावर मोठा भार येऊं लागला. १९७३ सालीं जनरल मोटर्सनें शेव्हर्ले व जीएमसी या नांवांखालीं कारखान्यांतूनच मागें जोडचाकें बसविलेली एकटनी पिकअप विकावयास काढली. ‘बिग डूली’ हें तिचें नांव. जोडचाकांच्या पिकअपला ‘ड्युअली’ म्हणण्याचा अमेरिकेंत प्रघात आहे, त्याशीं हें नांव उघडच जुळतें. तिचे बाहेर फुगलेले मागचे पंखे हें तिचें लक्षणच झालें. आणि ज्यांच्यापाशीं एकेरी चाकांची पिकअप होती, त्यांना आपलीही गाडी तशी करावी असें वाटूं लागलें.

हें करण्याचे दोन मार्ग प्रचलित झाले. पहिला मार्ग स्वस्त. मूळच्या तुंब्यावर पोलादाचें जाड कडें बोल्टांनीं आवळावयाचें आणि त्यावर दोन चाकें बसवावयाचीं. जोडचाकाची तबकडी खोलगट असते. दोन पराती पाठीला पाठ लावून ठेवाव्या तशा आंतल्या व बाहेरच्या चाकांच्या तबकड्या एकमेकींना भिडतात, आणि त्यामुळें टायरांमध्यें फट राहते. पुढच्या तुंब्यांनाही तसेंच कडें लावलें, म्हणजे सहाही चाकें एकाच प्रकारचीं होतात व एकच जादा चाक सर्वत्र चालतें. दिसावयास गाडी हुबेहूब ड्युअली होते. परंतु आंत काय झालें? मूळच्या चाकाचा भार तुंब्यांतील बेअरिंगांच्या नेमका माथ्यावर पडेल अशी कारखान्यानें योजना केली होती. आतां आंतला टायर जवळजवळ मूळच्या जागीं राहिला आणि दुसरा त्याच्या बाहेर आला. म्हणून दोघांच्या भाराचा मध्य कित्येक इंच बाहेर सरकला. पहार जितकी लांब धरावी तितका तिचा जोर वाढतो, त्याच न्यायानें बाहेरच्या बेअरिंगावर व अॅक्सलच्या टोंकावर ताण वाढतो. म्हणजे चाकें वाढलीं, आणि ज्यावर तीं फिरतात त्या कडीवरचा बोजा मात्र वाढला.

दुसरा मार्ग खर्चाचा, पण सचोटीचा. मागचा सबंध अॅक्सलच काढून त्या जागीं जोडचाकांसाठींच घडविलेला अॅक्सल बसवावयाचा. अशा अॅक्सलवर भार नळकांड्यासारख्या कवचावर तोलला जातो. आंतली दांडी फक्त चाक फिरविते, भार वाहत नाहीं. त्याचा तुंबा असा असतो कीं दोन्ही टायरांच्या मधली रेघ बेअरिंगांवर येते. परंतु येथेंही नजर तीक्ष्ण लागते. उघड्या चासीवर विकल्या जाणाऱ्या लॉरीचा अॅक्सल अरुंद असतो. तो पिकअपखालीं घातला तर पाट्यांच्या बैठका जुळत नाहींत आणि आंतला टायर पेटीला घासतो. त्यासाठीं जोडचाकी पिकअपचाच रुंद अॅक्सल मिळवावा लागतो. गाडी चारी चाकांनीं ओढणारी असेल, तर पुढच्या व मागच्या अॅक्सलांतील दात्यांचें प्रमाण एकच असावें लागतें. मग ब्रेक, त्यांच्या नळ्या, पाटे, पंखे यांचा क्रम येतो. स्मिथच्या संचांत शंभर वर्षांपूर्वीं जो विवेक होता, तोच या मार्गांत आहे.

आतां टायरांचाच हिशेब पाहूं. चार टायर म्हणजे दोन टायरांच्या दुप्पट भार, हें गणित शाळेंत बरोबर ठरेल, रस्त्यावर ठरत नाहीं. अमेरिकन पिकअपांत पुष्कळ वापरला गेलेला २३५/८५ आर १६ मापाचा, जाड प्रतीचा टायर घ्या. एकेरी बसविला असतां त्याला ३,०४२ पौंडांची परवानगी असते. तोच जोडीनें बसविला तर प्रत्येकीं २,७७८ पौंडांची. दोन एकेरी टायरांची बेरीज ६,०८४ पौंड होते आणि चार जोडटायरांची ११,११२. म्हणजे दुपटीला जवळजवळ हजार पौंड कमी. ही कपात कारखानदाराचा कंजूषपणा नव्हे. रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता असतो, म्हणून जोडींतील दोघांवर भार कधींच सारखा पडत नाहीं. एकाचा व्यास थोडा अधिक असला, किंवा एकांत हवा कमी असली, तर दुसऱ्याच्या डोक्यावर ओझें जातें, तो तापतो, आणि एक फुटला तर दुसऱ्याला दोघांचा भार घेऊन गाडी थांबेपर्यंत निभावावें लागतें. आंतला टायर दृष्टीआड असल्यामुळें त्याची हवा गेलेली पुष्कळदां कळतही नाहीं. मुक्कामावर लॉरीवाला दांडक्यानें एकेक टायर ठोकून त्याचा आवाज ऐकतो, तो याच शंकेनें.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाहीं, याचें कारण सांखळीची शेवटची कडी, म्हणजे रस्ता. इलिनॉय प्रांतांत ऑटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लॉऱ्या रात्रंदिवस चालवून रस्ता कसा झिजतो हें मोजण्यांत आलें. त्यांतून निघालेलें सूत्र असें कीं, आंसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची हानि दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते. रस्त्यांच्या हिशेबासाठीं प्रमाण मानलेला आंसही तेथूनच रूढ झाला : १८,००० पौंडांचा एक आंस, आणि त्याला दोन्ही बाजूंस जोडचाकें. आपल्या देशांतही रस्त्याची जाडी ठरवितांना अशाच ८० किलोन्यूटनच्या, जोडचाकी आंसाचा आधार घेतात.

येथें एका महाराष्ट्रीय नांवाचें स्मरण करणें उचित होईल. आपल्याकडे लॉऱ्या वाढूं लागल्या तेव्हां, १९२७ सालीं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तेविकास समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ सालीं पेट्रोलवरील जादा करांतून चालणारा मध्यवर्ती रस्तानिधि आला, आणि १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. जो रस्ता झिजवितो त्यानेंच त्याच्या डागडुजीला हातभार लावावा, हा न्याय जयकर समितीनें मान्य केला. आपला कायदाही आंसावरचे टायर मोजूनच भार ठरवितो. १९९६ च्या अधिसूचनेनें दोन टायरांच्या आंसाला ६ टन आणि चार टायरांच्या आंसाला १०.२ टन अशी मर्यादा घातली होती. २०१८ सालीं चार टायरांची मर्यादा ११.५ टनांवर गेली. १९९६ चे आंकडे पाहा : दोनाच्या जागीं चार टायर, पण भार दुपटीपेक्षां कमीच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीच्या पुस्तकांतील कारखानदाराच्या तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करण्यास बंदी आहे. अमेरिकेंतही मालकानें घरीं जोडचाकें बसविल्यानें गाडीच्या पाटीवर कारखान्यानें कोरलेला एकंदर वजनाचा आंकडा वाढत नाहीं.

ही पाटी पुष्कळांना जाचक वाटते. चाकें दिसतात, पाटी दिसत नाहीं. आणि चाकें वाढलेलीं पाहून मालकाचा हात आणखी दोन पोतीं टाकण्यास धजतो. वास्तविक जोडचाकाचा खरा लाभ वेगळाच आहे. आहे तोच भार तें अधिक स्थिरपणें नेतें, वळणावर गाडीला रुंद बैठक देतें, आणि एक टायर फुटला तर प्राण वांचविण्यापुरता वेळ देतें. हा जो राखीव जोर आहे, तोच जादा माल भरून खर्चून टाकला, तर जोडचाक असून नसल्यासारखें होतें. मग ब्रेक तापतात, पाटे तुटतात, आणि ज्याचा त्या नफ्याशीं कांहीं संबंध नाहीं असा समोरून येणारा प्रवासी त्याची किंमत देतो.

म्हणून गाडीला चाकें किती, एवढ्या प्रश्नावर थांबूं नये. तीं ज्या तुंब्यावर फिरतात तो कोणाचा, तो तुंबा ज्या आंसावर आहे तो किती भाराचा, त्यावरचे पाटे व ब्रेक कशासाठीं घडविलेले, आणि पाटीवर आंकडा कोणता, हे प्रश्न त्याच क्रमानें विचारावे. १९१७ च्या सुमाराचा शिकागोचा कारागीर हे प्रश्न विचारीत होता. मालमोटार विकत घेणाऱ्या, भाड्यानें लावणाऱ्या किंवा तिच्यांतून आपलें सामान नेणाऱ्या प्रत्येकानें ते आजही विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.